महाराजांची खोली

"हळू बोला" असं ती तोंडाने कधी म्हणायची नाही. उजव्या हाताचं एक बोट छताकडे करायची, मान खांद्यात ओढून घ्यायची आणि डोळे मोठे करायची. सकाळी दूधवाला ओरडला की बोट वर. मी भिंतीवरून भाजीचा भाव विचारला की बोट वर. नवीन माणसाला वाटायचं, वर कोणी आजारी म्हातारा झोपलेला आहे. मग ती दबक्या आवाजात सांगायची, "महाराज अभी उठे नहीं, बहनजी."

सगळे तिला बीजी म्हणत, म्हणून मीही म्हणायची. वयाने ती माझ्याहून थोडीच मोठी. रायपूरच्या स्टेशनकडच्या जुन्या वस्तीत आमची दोघींची घरं एका भिंतीची. माझा नवरा रेल्वेत, वर्ध्याकडून बदली होऊन आलेला. तिच्या नवऱ्याचे ट्रक होते. देशाची फाळणी झाली तेव्हा तो लहान पोर होता, आईचा पदर धरून इकडे आला. दोघेही पुरुष आता नाहीत. मी माझ्या भाषेत बोलायची, ती तिच्या हिंदी-पंजाबीत. इतक्या वर्षांत कोणाचंच काही अडलं नाही.

महाराज म्हणजे त्यांचा ग्रंथ, गुरु ग्रंथ साहिब. मी चौथी शिकलेली बाई. शिखांचा गुरू म्हणजे हा ग्रंथच, हे मला तिनेच समजावलं. "पुस्तक" म्हटलेलं तिला खपायचं नाही. "पुस्तक को कोई सुलाता है क्या?" असं ती मला ऐकवायची. तिच्या गच्चीवर एकच खोली होती. त्या खोलीत लहानसा पलंग, गादी, वर चांदवा आणि त्याखाली महाराज. पहाटे अंघोळ करून ती वर जायची आणि ग्रंथ उघडायची. त्याला प्रकाश म्हणतात. संध्याकाळी मिटून, रेशमी कपड्यात गुंडाळून निजवायची, ते सुखासन. मधल्या वेळात कधी वाचायची, कधी नुसतीच चवरी ढाळत बसायची. घरातल्या थोरल्या माणसाला आपण उठवतो, बसवतो, निजवतो, तसंच.

माझे देव स्वयंपाकघरातल्या फळीवर. एक फूल, एक उदबत्ती, झालं. गावाला गेले तर देव तक्रार करत नाहीत. तिच्या देवाला असं सोडून जाता येत नव्हतं. त्यामुळे ती कुठेच जायची नाही.

माझी तिची ओळख वाढली ती शिलाईमुळे. मी घरी ब्लाऊज-परकर शिवायची. एकदा ती निळं साटीन आणि सोनेरी गोट घेऊन आली. महाराजांवर घालायचा रुमाला शिवायचा होता. मी कापड मशीनवर घेतलं तर म्हणाली, "बहनजी, हाथ?" मी उठून हात धुतले. परत बसले तर म्हणाली, "सिर?" मी पदर घेतला. मग मशीन सुरू केली तशी कापडाची कड खाली लोंबायला लागली. ती झटकन माझ्यासमोर जमिनीवर बसली, कड मांडीत घेतली आणि शिवून होईपर्यंत हलली नाही.

मी म्हटलं, "माह्यावर पहारा देऊन राहिल्या का जी?"

"कपड़े पर, बहनजी. तुम पर नहीं."

पुढे मी असे पुष्कळ रुमाले शिवले. दरवेळी ती तशीच समोर बसायची, गुडघे दुखायला लागले तेव्हासुद्धा. मी कितीदा म्हटलं, खुर्चीवर बसा. खुर्चीवर बसलं तर कड हाताला येत नाही, म्हणाली. खरं होतं ते.

तिच्या भाचीचं लग्न अभनपूरला होतं. सख्ख्या भावाची एकुलती एक मुलगी. मीही गेले होते. सकाळी फेरे झाले, जेवणं झाली, नाच सुरू झाला. उन्हं कलली तशी बीजीने चपला शोधायला सुरुवात केली. मुलगी अजून सासरी निघायची होती. भाऊ म्हणाला, "आज तो रुक जा. डोली रोज-रोज नहीं उठती." ती म्हणाली, "वीरे, महाराज रोज सोते हैं." आणि निघाली. भावजय माझ्या कानाशी म्हणाली, "इसने हमारे लिए एक रात कभी नहीं दी." मला भावजयीचं चुकीचं वाटलं नाही. परतीच्या जीपमध्ये बीजी खिडकीबाहेर तोंड करून बसली होती. रडत असेल. मी विचारलं नाही.

ती गोड स्वभावाची नव्हती. तिच्याबद्दल लिहायचं तर हे सांगायला हवं. घरात पहिला एसी आला तो महाराजांच्या खोलीत. तिचा मुलगा बिट्टू दिवसभर सिलतऱ्याच्या कारखान्यांत ट्रक फिरवून काळाठिक्कर होऊन यायचा आणि त्या खोलीबाहेर गच्चीवर उघड्यावर झोपायचा. मी म्हटलं, "काहून जी बीजी, देवाले थंडी अन् पोराले घाम?" म्हणाली, "पुत्तर तो छत पर सो जाएगा. महाराज कहाँ जाएँगे?" हिवाळ्यात महाराजांना रजई. सुनेला मात्र वर्षानुवर्षं प्रकाश करू दिला नाही. सून बँकेत नोकरीला, शिकलेली, गुरुमुखी चांगली वाचणारी. पण बीजी म्हणायची, "उसको जल्दी रहती है. महाराज को झटके से नहीं उठाते." सून ऐकून घ्यायची. मी असते तर ऐकून घेतलं नसतं.

एवढा हट्ट कशापायी, ते तिने एकदाच सांगितलं. फाळणीत तिची सासू पलीकडून निघाली तेव्हा घरात भांडी होती, दागिने होते, म्हैस होती. डोक्यावर एकच ओझं येत होतं. तिने महाराज घेतले. बाकी सगळं तिथेच राहिलं. या सासूने मरताना बीजीला एवढंच सांगितलं की इनको उठाना अब तेरा काम. "उसने सिर पे उठाया था, बहनजी," बीजी म्हणाली. "मुझे तो सिर्फ़ सुबह उठाना है."

मग रायपूर राजधानी झालं. तुमच्यापैकी जे तेव्हा इथे होते त्यांना आठवत असेल, आमची गल्ली पाहता पाहता बदलली. लाल दिव्याच्या गाड्या आल्या, जुनी घरं पडली, बिल्डर दारोदार फिरू लागले. मग मोठी ऑफिसं नवा रायपुरात गेली आणि शहराने तिकडे तोंड फिरवलं. बिल्डर बीजीकडेही आला होता. तिने बोट छताकडे केलं आणि दार लावून घेतलं.

पण गुडघे कोणाचं ऐकत नाहीत. एका पहाटे मोठा आवाज झाला. मी धावत गेले तर बीजी जिन्याच्या पायथ्याशी आडवी पडलेली. एक पाय नको तसा वळलेला. बिट्टू तिला उचलायला वाकला तर तिने त्याचा हात झटकला.

"प्रकाश नहीं हुआ."

"बीजी, हड्डी टूट गई है!"

"पहले प्रकाश. बहू, नहा ले."

मी ओरडले तिच्यावर. "अवो बाई, आधी हाड पाहा! तुमचे महाराज काय पळून चालले का?" तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओठ दाताखाली धरून ती फरशीवर पडून राहिली. सुनेने घाईघाईने अंघोळ केली आणि ओल्या केसांवर ओढणी घेऊन ती वर गेली. वरून सुनेचा वाचण्याचा आवाज आला तेव्हा बीजीने डोळे मिटले आणि बिट्टूला म्हणाली, "अब उठा."

त्या दिवसापासून सूनच प्रकाश करू लागली. रोज बँकेत जायच्या आधी, एक दिवस न चुकवता. बीजी खाली पलंगावरून कान देऊन ऐकायची. एकदा मला हळूच म्हणाली, "अच्छा पढ़ती है." सुनेला मात्र हे कधी सांगितलं नाही. मग मीच जाऊन सुनेला सांगितलं.

बीजी वॉकर धरून चालू लागली, पण जिना संपला. बिट्टूने ते मनाला फार लावून घेतलं. तो आमच्या अंगणात वाढलेला पोरगा. माझी भाषा त्याला सगळी समजते, उत्तर तेवढं हिंदीत देतो. मला येऊन म्हणाला, "मौसी, मैंने घर का सौदा कर दिया. नवा रायपुर में फ्लैट लिया है. बीजी को अभी मत बताना, कमरा पूरा हो जाने दो." महाराजांसाठी त्याने त्या फ्लॅटमध्ये वेगळी खोली काढली होती. वर्षभर तो त्या खोलीमागे होता. पांढरा संगमरवर, महाराजांना बसवायला चार खांबांची कोरीव लाकडाची पालखी, नवा एसी. आईच्या पलंगापासून थेट तिथपर्यंत उंबरा नाही, पायरी नाही.

खोली पूर्ण झाल्यावर त्याने बीजीला सांगितलं, आणि बघायला गेलो तेव्हा मलाही सोबत घेतलं. रस्ते हे एवढे रुंद, माणूस औषधालाही दिसेना. बीजीने फ्लॅट नीट पाहिला. स्वयंपाकघर चांगलं म्हणाली. नळ सोडून पाहिला. मग बिट्टूने त्या खोलीचं दार उघडलं आणि बाजूला उभा राहिला. शाळेतलं बक्षीस दाखवायला आणलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा झाला होता.

ती आत गेली. संगमरवरावरून हात फिरवला, पालखीच्या खांबांवरून फिरवला. "बहुत सोहणा," म्हणाली. मग सवयीने तिचं बोट वर गेलं आणि तिथेच थांबलं.

"इसके ऊपर क्या है?"

"ऊपर? चौथा फ्लोर, बीजी. अपना तीसरा है."

"वहाँ कौन रहेगा?"

तेवढ्यात वर कोणी मजूर काहीतरी फरफटत घेऊन गेला. त्याच्या पावलांचा आवाज खोलीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेला. आम्ही सगळे वर बघत राहिलो.

महाराजांच्या डोक्यावरून कोणी चालायचं नाही. म्हणून तर जुन्या घरात ती खोली गच्चीवर, सगळ्यांच्या वर होती. हे बिट्टूला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? जन्मभर तो त्याच खोलीबाहेर झोपला. पण गच्चीवर वाढलेल्या माणसाला आपल्या डोक्यावर दुसऱ्याचं घर असू शकतं हे सुचलंच नाही.

"टॉप फ्लोर मिल रहा था," तो कसाबसा म्हणाला. "मैंने ही मना किया. लिफ्ट बंद हुई तो आप कैसे उतरोगी, इसलिए."

आईच्या गुडघ्यांसाठी त्याने खालचा मजला घेतला होता. दुसऱ्या दिवशी तो बिल्डरकडे धावला. सगळ्यात वरचा मजला विकला गेला होता. जुनं घरही हातातून गेलं होतं.

गुरुद्वाऱ्यातून ज्ञानीजी आले. शांत माणूस. त्यांनी बीजीला समजावलं की मोठ्या शहरांत सगळे फ्लॅटमध्येच राहतात, वर चांदवा लावला की मर्यादा राहते, मनात काही आणू नका. तिने हात जोडून ऐकलं. "आपकी बात ठीक है, ज्ञानीजी," ती म्हणाली. "पर मुझे तो सुनाई देगा."

मी तिला म्हटलं, माझ्या छपरावर एक खोली बांधू. ती पहिल्यांदा मोकळी हसली. "और उठाएगा कौन? तुम?" मला ती अक्षरं येत नाहीत हे तिला माहीत होतं.

नातेवाइकांचे फोन सुरू झाले. कोणी म्हणे बिट्टूने आईला फसवलं. कोणी म्हणे म्हातारी गुरुद्वाऱ्यातच राहायला जाणार. तिच्या मनात ते होतंच. एका दुपारी ती वॉकर घेऊन माझ्या दारात आली. मशीनजवळ बसली आणि विचारलं, "बहनजी, की करां? महाराज को छोड़ूँ कि पुत्तर को?"

मला गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, "महाराजाले सांभाळणारे गावात हजार हायेत. बिट्टूले तुम्ही एकट्याच. तुम्ही त्याच्या संग नाही गेल्या, तर तो त्या फ्लॅटमधी एक दिवस सुखानं जेवणार नाही."

तिने माझ्या मशीनवर पडलेले दोरे गोळा केले. मग म्हणाली, "नीला वाला निकाल देना. वही पहनाकर गुरुद्वारे भेजूँगी." तिने आदल्या महिन्यात शिवायला टाकलेला रुमाला माझ्याकडेच होता. गोट लावायचा राहिला होता. मी तेव्हाच बसले. ती खाली बसू शकत नव्हती, म्हणून मी स्टूल जवळ ओढलं आणि तिने वाकून कड धरली.

ग्रंथ घराबाहेर निघाला त्या सकाळी गल्ली धुतली होती. गुरुद्वाऱ्यातले लोक अनवाणी आले. एकजण पुढे पाणी शिंपडत होता, एकजण चवरी ढाळत होता. महाराज बिट्टूच्या डोक्यावर, माझ्या निळ्या रुमाल्यात. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात वर धरलेले, त्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हतं. सुनेने पुसलं, मधेच, चालता चालता. बीजी वॉकर घेऊन मागून निघाली. गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. तिच्यासाठी आणलेल्या गाडीत बसायला नाही म्हणाली, उभी राहिली आणि वाहेगुरू म्हणत राहिली, रस्त्याच्या वळणावर ते लोक दिसेनासे होईपर्यंत. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उस बार आए थे सिर पे. गए भी सिर पे." डोळे कोरडे होते तिचे. मला ते बरं वाटलं नाही.

ती फ्लॅटवर गेली. जुनं घर पंधरवड्यात पाडलं. महाराजांच्या खोलीची निळी भिंत काही दिवस एकटी उभी होती, मग तीही गेली.

नंतर मी एकदाच तिच्याकडे राहायला गेले. बसचा तिकडे भरवसा नसतो, म्हणून मुक्कामच केला. पहाटे जाग आली तर ती अंघोळ करून, डोकं झाकून वॉकर सरकवत निघाली होती. मी मागे गेले. संगमरवरी खोलीच्या दारात ती थांबली. आत पालखी रिकामी, जमीन मात्र पुसलेली. ती पालखीकडे बघत नव्हती. खिडकीबाहेर बघत होती, जिकडे जुनं शहर आहे तिकडे.

"अब उठा रहे होंगे," ती म्हणाली.

वर कोणाचं तरी घर जागं झालं. पावलं वाजली, इकडून तिकडे, परत इकडे. बीजीने बोट वर केलं. मला वाटलं आता रडेल. तर माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "देखा? चलते हैं न?" पैज जिंकल्यासारखी.

त्याच थंडीत ती गेली. पहाटे झोपेत गेली म्हणतात. मला ते पटत नाही, त्या वेळी ती कधी झोपलेली नसायची.

शेवटच्या अरदासीला, म्हणजे तिच्या नावच्या प्रार्थनेला, मी डोकं झाकून गुरुद्वाऱ्यात बसले. महाराजांवर तोच निळा रुमाला होता. गोट मी घाईत लावलेला, एका कोपऱ्यात थोडा तिरका. तिच्या लक्षात आला असणार. त्या दिवशी ती काही बोलली नव्हती.

नंतर सगळे फ्लॅटवर गेलो. पाहुणे पांगल्यावर बिट्टू माझ्याजवळ येऊन बसला. एवढा मोठा माणूस, दाढी पांढरी व्हायला लागलेली. म्हणाला, "मौसी, सच बताना. बीजी मुझसे नाराज़ गई क्या?"

खोटं बोलले असते तर त्याला कळलं असतं. मी म्हटलं, "नाराज होती. पण तुह्यावर नाही रे बाबा. त्या छतावर होती."

तो हसला, मग तोंड फिरवून बसला. थोड्या वेळाने उठला. संगमरवरी खोलीतला पंखा कोणीतरी सुरू ठेवला होता, तो बंद करायला गेला. पाहुण्यांच्या जादा गाद्या बाहेर बैठकीत रचून ठेवल्या होत्या, चालायला जागा नव्हती, पण त्या रिकाम्या खोलीत कोणी एक गादीही टाकली नव्हती. बिट्टूने दाराशी चपला काढल्या. आत जाऊन बटणाकडे हात नेला, तेवढ्यात वर कोणीतरी खुर्ची ओढली.

त्याचा हात तसाच राहिला. मान वर करून तो उभा राहिला, वरचा आवाज थांबेपर्यंत.